ज्वारी चिकात आली, भोरड्यांपासून कशी राखाल?

सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, करमाळा या पट्ट्यात वेळेवर पेरलेली रब्बी ज्वारी डिसेंबरअखेर-जानेवारीत दाणे भरू लागते. सकाळी शिवारात चक्कर माराल तेव्हा कणसाचा एखादा दाणा नखाने दाबून पाहा. बोटाला दुधासारखा पांढरा चीक लागला की राखणीचे दिवस सुरू झाले. तिथून दाणा दाताखाली कडक लागेपर्यंत तीन-चार आठवडे जातात आणि भोरड्यांचा खरा उपद्रव याच दिवसांतला. सगळा हंगाम रान राखत बसलात तर ऐन गरजेला माणूस थकलेला असतो.

भोरडी म्हणजे पळसमैना, आपल्या साळुंकीच्याच कुळातली. मोठ्या पक्ष्याचं अंग गुलाबी, डोकं, पंख आणि शेपूट काळी. पहिल्या वर्षाची पिल्लं मातकट, चोच पिवळसर. थव्यात दोन्ही मिसळलेली असतात, त्यामुळे अनेकांना ती वेगळी पाखरं वाटतात. विणीसाठी हा पक्षी मध्य आशियातल्या कझाकस्तानसारख्या गवताळ मुलखात जातो. तिथे मे-जूनमध्ये टोळ-नाकतोड्यांवर पिल्लं वाढवायची आणि लगेच परत फिरायचं. म्हणून तो आपल्याकडे जुलै-ऑगस्टपासूनच दिसतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ आटोक्यात राहावेत म्हणून या पक्ष्याला घरटी करता यावीत असे दगडांचे ढीग मुद्दाम रचून दिले जातात.

आपल्याकडेही तो नुसता चोर नाही. हरभऱ्याच्या रानात थवा उतरला तर त्याला हुसकू नका. मागची पाखरं पुढच्यांच्या डोक्यावरून उडून पुढे उतरतात आणि अख्खा थवा अळ्या टिपत रानभर सरकत जातो. घाटे पोखरणारी घाटेअळी आटोक्यात राहावी म्हणून हरभऱ्यात पक्षीथांबे, म्हणजे पाखरांना टेकायला काठ्या, लावायला सांगतात ते अशाच पाखरांसाठी. मात्र हरभऱ्याला लागून ज्वारी असेल, तर ती चिकात येताच बांधाजवळचे थांबे काढून घ्या.

रात्री या भोरड्या बाभळीत, उसात किंवा तळ्याकाठच्या पाणकणसात हजारोंनी मुक्कामाला असतात. संध्याकाळी मुक्कामावर आभाळात त्यांची वळणं चालतात, ती बघायला शहरातून लोक गाड्या करून येतात. (ज्वारीवाल्याला त्यात कौतुक वाटत नाही, हेही खरंच.) तुमच्या रानाजवळचा मुक्काम कुठे आहे ते आधी हेरा. झाडाखालची पांढरी झालेली जमीन लगेच ओळखू येते. सकाळी थवे तिथूनच फुटतात, तेव्हा त्या बाजूच्या बांधावर राखण्या आधी उभा करा.

राखणीत सगळ्यात मोलाची वेळ म्हणजे उजाडल्यानंतरचे दोन-तीन तास आणि मग दुपार कलल्यापासून मावळतीपर्यंत. थवा आधी बांधावरच्या झाडावर किंवा विजेच्या तारेवर टेकतो, अंदाज घेतो, मग पिकात घुसतो. तो झाडावर असतानाच हाकारा, गोफण फिरवा, पत्र्याचा डबा वाजवा. एकदा कणसावर बसून पोट भरलं की त्याच रानाची चटक लागते आणि मग तो एका बांधावरून उठून दुसऱ्यावर बसतो. एकट्याने राखण केली तर पाखरं फक्त शेजाऱ्याकडे जातात, म्हणून लागून असलेल्या चार-सहा जणांनी पाळ्या लावाव्यात. गावातल्या इतरांच्या आधी किंवा नंतर पेरलेल्या एकट्या तुकड्याला सर्वात जास्त फटका बसतो. पुढच्या वर्षी पेरणीची तारीख धरताना हे डोक्यात ठेवा.

चमकती फीत उपयोगी आहे, पण ती पीक चिकात आल्यावरच लावा. कणसांच्या फूटभर वर, मध्ये पीळ देऊन आणि जरा सैल बांधा, म्हणजे वाऱ्यावर फडफडेल आणि उन्हात लखलखेल. दोन फितींत पाच-सात मीटरपेक्षा जास्त अंतर नको. पाखरं लवकर सरावतात. फीत असो की बुजगावणं, दर तीन-चार दिवसांनी जागा बदला. बियाण्यासाठी राखलेल्या निवडक कणसांना कागदी पिशव्या बांधणं परवडतं, सगळ्या रानाला नाही. द्राक्षबागेला मात्र वरून आणि बाजूंनी जाळी हाच खात्रीचा उपाय.

विषारी दाणे टाकू नका. त्याने कोंबड्या, तितर, मोर, कुत्रीही मरतात आणि वन्यपक्षी मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. वाळत आलेल्या कडब्यात फटाके फोडणं म्हणजे आग ओढवून घेणं.

काढणीच्या आधी फितीचा तुकडान् तुकडा गोळा करा. तो कडब्यात गेला तर जनावराच्या पोटात जातो.