लिनोकट छापायचा दिवस दोरीपासून सुरू करा

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या (लिनोच्या) तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर घेतलेला ठसा. छापायला बसण्याआधी ओल्या प्रती वाळत घालायची दोरी मोजा. तीन मीटर दोरीवर ए-4 कागद उभे टांगले आणि मध्ये तीन सेंटिमीटर जागा सोडली, तर बारा बसतात. पाठीला पाठ लावून एका चिमट्यात दोन घेतले की चोवीस. म्हणजे 20 प्रतींची एडिशन (क्रमांक घातलेला संच), दोन आर्टिस्ट प्रूफ (कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती) आणि बिघडणाऱ्या दोन. याहून जास्त छापल्या की ओल्या प्रती आधी टेबलावर, मग पलंगावर आणि शेवटी एकमेकींवर जातात. खालच्या प्रतीची शाई वरच्या कागदाच्या पाठीला चिकटली, तर दोन्ही विकायच्या कामाच्या राहत नाहीत.

शाई तेलाची, लिनोसाठीच बनवलेली घ्या. पाण्याची शाई उन्हाळ्यात ती पसरायच्या काचेवरच आटते. ऑफसेटची शाई स्वस्त पडते, पण ती पातळ थरासाठी असते. लिनोच्या जाड थरात बरेच दिवस चिकट राहते. प्रेस नसेल तर कागद 80 ते 120 जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) हवा. 250 जीएसएमचा जाड हातकागद दिसतो सुंदर, पण चमच्याने घासून त्यावर ठसा नीट उतरत नाही. कागद आदल्या रात्रीच कापून ठेवा. दुसऱ्या दिवशी शाईचे हात कागदाच्या गठ्ठ्याला लागायला नकोत.

एका पुठ्ठ्यावर लिनोची चौकट आखा आणि कागदाचा कोपरा टेकवायला काटकोनात दोन पट्ट्या चिकटवा. यामुळे प्रत्येक प्रतीचा समास सारखा येतो. कागद उचलायला जाड पुठ्ठ्याच्या दोन घड्या चिमट्यासारख्या वापरा.

15 × 20 सेंटिमीटरच्या लिनोला चोवीस प्रतींसाठी साधारण 30 ग्रॅम शाई लागते. ती काचेवर पट्टीने मळून मऊ करा आणि रोलरने पातळ पसरा. इथे डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवा. रोलरखालून बारीक, सलग चुर्र आवाज आला की थर बरोबर. चपचप आवाज आला आणि शाईवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसले, तर शाई जास्त आहे. लिनोवर एकदम जाड थर न देता रोलर दोन-तीनदा पातळ फिरवा, दर वेळी दिशा बदलून.

पहिले तीन-चार ठसे फिके येणारच, ते रद्दी कागदावर काढा. मग चांगला कागद ठेवा, वर बटर पेपर घाला आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे लहान गोल घासत जा. एका हाताने कागद दाबून धरा. तो केसभर सरकला तरी कडा दुहेरी उमटतात. पाच-सहा मिनिटांनी एक कोपरा उचलून बघा. काळ्या भागात मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके असतील, तर कागद परत खाली टेकवून आणखी घासा. पुढच्या प्रतीतही तेच दिसलं तर शाई वाढवा. बारीक रेषा बुजत असतील तर शाई न लावता दोन ठसे रद्दीवर काढा. जादा शाई निघून रेषा मोकळ्या होतात.

तेलाची शाई हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होते, पाणी उडून वाळावं तशी नाही. म्हणून प्रती उन्हात टाकू नका. त्यांचा कागद वाकतो. खोलीत हवा खेळती ठेवा, पंखा भिंतीकडे वळवा. कोरड्या हवेत तीन-चार दिवस पुरतात, कोकणातल्या पावसाळ्यात आठ-दहा दिवस धरा. घाई असेल तर शाईत कोबाल्ट ड्रायर घालता येतो, पण एक-दोन टक्केच. जास्त झाला की दुपारपर्यंत काचेवरच साय धरते. शाई सैल करायला जवसाचं तेल ओतू नका, नाहीतर ठशाभोवती पिवळट कड उमटते.

काच, रोलर आणि लिनो आधी खायच्या तेलाने, मग साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. लिनो पाण्यात बुडवू नका, त्याच्या पाठीला ताग असतो. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून डब्यात कोंबणं धोक्याचं आहे. शाईतलं जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

सर्वांत गडद जागेवर टिश्यूचा तुकडा अंगठ्याने दाबा. डाग उमटला नाही की प्रत उतरवा आणि एक दिवस टीपकागदांमध्ये, फळीखाली ठेवा. बिघडलेल्या बाजूला काढल्यावरच क्रमांक घाला: ठशाखाली पेन्सिलने डावीकडे 1/20, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. पाकिटात घालताना वर बटर पेपर ठेवा. प्लॅस्टिकचं पाकीट मात्र दोन-तीन आठवडे बंद करू नका, आत राहिलेला तेलकटपणा प्लॅस्टिकला चिकटतो.