सेमी-प्रो क्लबचा कोचिंग स्टाफ : या चुका टाळा

सेमी-प्रो (अर्धव्यावसायिक) फुटबॉल क्लबमध्ये वेळ कोणाकडेच नसतो. खेळाडू दिवसभराचं काम आटोपून मैदानावर येतात, असिस्टंट कोच स्वतःची नोकरी सांभाळून धावतपळत पोचतो, फिजिओ आठवड्यातल्या एखाद्याच सरावाला असते. मॅच हरली की खापर खेळाडूंच्या फिटनेसवर नाहीतर क्लबच्या तिजोरीवर फुटतं. मी ज्या ज्या स्टाफमध्ये काम केलं, तिथे खरा बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी होता. कोणता निर्णय कोणाचा, हे कोणी ठरवलेलंच नव्हतं.

दुखापतीचा निर्णय खेळाडूवर ढकलणे

या चुकीची मला सर्वांत जास्त चीड येते, कारण तिची किंमत स्टाफ मोजत नाही, खेळाडू मोजतो.

एका क्लबमध्ये आमच्या लेफ्ट बॅकची (डावीकडच्या बचावपटूची) हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, दुखावली होती. फिजिओने तपासून सांगितलं की जॉगिंग जमतंय, पूर्ण वेगाची धाव अजून नाही. त्या संध्याकाळी मुख्य कोच आला नव्हता, म्हणून तिने हा निरोप असिस्टंट कोचला फोनवर दिला. त्याने तो पुढे पोचवताना एवढंच सांगितलं, "आता बराच बरा आहे." मॅचच्या दिवशी मुख्य कोचने ड्रेसिंग रूममध्ये, सगळ्या संघासमोर, त्या मुलाला विचारलं, "काय रे, खेळतोस ना?" चौदा-पंधरा जण बघत असताना कोणता खेळाडू नाही म्हणेल? तो खेळला. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या विंगरच्या (कडेने हल्ला करणाऱ्या खेळाडूच्या) मागे सुसाट धावताना त्याने मांडी धरली आणि तिथेच बसला. आमचे बदली खेळाडू वापरून संपले होते. उरलेली मॅच दहा जणांनी खेळलो आणि हरलो. त्याचा मोसम तिथेच संपला. त्याचं रोजचं काम दिवसभर उभं राहून करायचं होतं. सुट्टी घ्यावी लागली आणि पगार कापला गेला. प्रोफेशनल खेळाडूला दुखापतीतही क्लबचा पगार असतो. आपल्या खेळाडूचं घर दुसऱ्याच नोकरीवर चालतं, हे स्टाफमधल्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं.

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता, पण निरोप दोन तोंडांतून गेला आणि त्यातला महत्त्वाचा अर्धा भाग वाटेत गळून पडला. म्हणून माझ्या स्टाफमध्ये फिजिओ तोंडी निरोप देत नाही. सगळ्यांना दिसणाऱ्या एकाच तक्त्यात ती स्वतः लिहिते, आणि उत्तरं तीनच : खेळेल, अमुक मिनिटं खेळेल, खेळणार नाही. "बघू", "बहुतेक", "बराच बरा" हे शब्द तिथे चालत नाहीत. मुख्य कोचने खेळाडूला विचारण्याआधी तो तक्ता वाचायचा. तिसरं उत्तर असेल तर विचारायचंच नाही.

नवे कोच इथे फार घाई करतात. "चालताना दुखत नाही म्हणतोय" हा पुरावा त्यांना पुरतो. हॅमस्ट्रिंग बहुतेक वेळा दुखावते ती पूर्ण वेगात धावताना, आणि एकदा दुखावलेली हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावण्याची शक्यता जास्त असते. परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर सर्वांत धोक्याचे. वेदनेशिवाय पुन्हा पुन्हा पूर्ण वेगात धावून दाखवलं आणि संघाबरोबर पूर्ण सराव केला, की मगच मी नाव टीम शीटवर, म्हणजे मॅचच्या खेळाडूंच्या यादीत, लिहिते. अंतिम सामना असला तरी हेच.

डोक्याला मार लागल्यावर तर चर्चाच नको. कन्कशनची (मेंदूला हादरा बसल्याची) नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात, त्यामुळे "आता ठीक वाटतंय" याला अर्थ नाही. काही स्पर्धांत कन्कशनसाठी वेगळा जादा बदली खेळाडू मिळतो. तुमच्या स्पर्धेत तो मिळतो का, हे मोसम सुरू होण्याआधी विचारून ठेवा.

टचलाइनवर सगळ्यांनीच ओरडणे

मैदानाच्या कडेवरून मुख्य कोच राइट बॅकला वर चढायला सांगतो, असिस्टंट त्यालाच मागे बोलावतो, गोलकीपर कोच मागून बचावफळीची लाइन धरायला ओरडतो. तो बिचारा मध्येच थांबून बेंचकडे बघतो आणि चेंडू त्याच्या मागून जातो. मग त्यालाच एकाग्रतेवर व्याख्यान ऐकावं लागतं.

खेळाच्या नियमांतच लिहिलंय की टेक्निकल एरियातून (बेंचसमोरच्या ठरलेल्या जागेतून) एका वेळी एकाच व्यक्तीने सूचना द्यायच्या. शिवाय 2019-20 पासून रेफ्री स्टाफलाही यलो आणि रेड कार्ड दाखवू शकतो. बेंचवरून गैरवर्तन झालं आणि कोणी केलं ते कळलं नाही, तर कार्ड तिथे हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठ कोचला मिळतं. म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाची शिक्षा तुमच्या नावावर.

मी कामं वाटून देते. खेळ चालू असताना खेळाडूंशी मुख्य कोच बोलेल. असिस्टंट त्याच्याच कानात बोलेल. गोलकीपर कोच फक्त गोलकीपरशी, तेही खेळ थांबल्यावर. फोर्थ ऑफिशियल (टचलाइनवरचा चौथा पंच) असेल तर त्याच्याशी बोलायला एक शांत डोक्याचा माणूस. पहिल्या काही मॅचना असिस्टंटला घुसमटल्यासारखं होतं. मी तेव्हा त्याच्या हातात वही देते आणि त्याला ओरडून सांगायचं होतं ते लिहायला लावते. हाफटाइमला त्यातल्या दोनच गोष्टी निवडायच्या. विश्रांती जास्तीत जास्त 15 मिनिटांची असते. खेळाडू पाणी पिऊन श्वास घेईपर्यंत स्टाफने बाहेर दाराशी थांबून आपसात ठरवावं आणि मग एकानेच आत जाऊन बोलावं. पाच जणांनी पाच मुद्दे सांगितले, तर खेळाडूच्या डोक्यात शेवटचाच राहतो, आणि तो बहुधा सर्वांत बिनमहत्त्वाचा असतो.

बाकीच्या, थोडक्यात

मोठ्या क्लबचं वेळापत्रक जसंच्या तसं उतरवू नका. त्यांचे खेळाडू सरावानंतर झोपतात, आपले रात्रपाळीला जातात. सराव संपल्यावर प्रत्येकाला विचारा, आज 0 ते 10 मध्ये किती दमलास? त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणा आणि लिहून ठेवा. 90 मिनिटांचा सराव आणि उत्तर 6, म्हणजे त्या सरावाचा ताण 540. शेजारी त्याची कामाची पाळीही लिहा. वाचणारा माणूस नसताना जीपीएस जॅकेट (खेळाडूची धाव मोजणारं) घेण्याची घाई मला मुळीच पटत नाही. आधी हे दोन रकाने मोसमभर नीट भरून दाखवा.

फिफा 11+ हा दुखापती टाळण्यासाठीचा तीन भागांचा वॉर्म-अप साधारण 20 मिनिटांचा आहे. "वेळ नाही" म्हणून मधला ताकद आणि तोल सांभाळण्याचा भाग सरावातून गाळतात आणि नेमका मॅचआधी उत्साहात करतात. उलट करा. सरावाला तिन्ही भाग, मॅचआधी फक्त पहिला आणि तिसरा, धावण्याचा.

टीम शीट देण्याआधी दुसऱ्या माणसाने ती मोठ्याने वाचावी. यादीतून नाव सुटलेला बदली खेळाडू खेळू शकत नाही.

खेळाडूंना दाखवायचा मॅचचा व्हिडिओ दहा मिनिटांच्या वर नको.

गोलकीपर कोचला सरावभर कोपऱ्यात पाठवू नका. गोलकीपर आणि बचावफळीने एकत्र कॉर्नर अडवलेच नाहीत, तर मॅचमध्ये त्यांना एकमेकांचा आवाज परका वाटतो.

आणि बदली खेळाडू आत पाठवताना : बाहेर येणारा खेळाडू कॉर्नरला समोरच्या कोणाला मार्क करत (रोखत) होता? हे विसरल्यामुळे मी इतके गोल खाल्लेले पाहिलेत की आता सेट पीसचा (कॉर्नर, फ्री किकच्या वेळी कोण कुठे याचा) कागद असिस्टंटच्या हातात असतो. कागदावर स्वतःची जागा बोटाने दाखवल्याशिवाय बदली खेळाडू टचलाइनपाशी जात नाही. समोरच्या संघाचा कॉर्नर असेल, तर घाई नसल्यास बदल मी पुढच्या थांब्यापर्यंत लांबवते.