कागदपत्रांची पेटी: कुलूप लावण्याआधी या चुका टाळा

कुलूप चोरापुरतं. कागद खराब होतात ते बहुतेक वेळा पेटीच्या आत, आणि आपल्याच हातून.

मी एकदा दाखल्यांच्या गठ्ठ्याला रबरबँड लावून पेटी बंद केली. काही वर्षांनी उघडली तर रबर चिकट होऊन वरच्या दाखल्यावर बसलेलं. नखाने सोडवायला गेलो, तर अर्धा शिक्काच उचकटून आला. टाचण्या आणि स्टेपलच्या पिनांचंही तेच: गंजाचा तांबूस डाग कागदात मुरतो आणि जात नाही. मऊ, उग्र वासाच्या पीव्हीसी कव्हरला प्रिंटची शाई चिकटते. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची कव्हरं घ्या. मूळ दाखल्याला लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा निघत नाही. थर्मल कागदावरची (शाईऐवजी उष्णतेने छापलेली, एटीएममधून येते तशी) पावती आपोआप पुसट होते, तिची झेरॉक्स आधीच काढा.

पत्र्याची पेटी म्हणजे आगीपासून संरक्षण, हा गैरसमज फार पक्का आहे. आगीत ती भट्टीसारखी तापते. 'यूएल 350' या आगरोधक दर्जाच्या (यूएल ही अमेरिकेतली सुरक्षा-चाचणी संस्था) पेटीत ठरलेल्या वेळेपुरतं, म्हणजे अर्धा किंवा एक तास वगैरे, आतलं तापमान 350 अंश फॅरनहाइटच्या (सुमारे 177 सेल्सिअस) खाली राहतं. तेवढ्यात कागद वाचतो, पेनड्राइव्ह नाही. शिवाय अशा पेटीच्या अस्तरात ओल असते, म्हणून आतले कागद दमट लागतात. महिन्यातून दोनदा पेटी थोडा वेळ उघडी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि वेळोवेळी बदला.

किल्ली पेटीशेजारच्याच खिळ्याला, किंवा आकड्यांचं कुलूप अजून 000 वरच? मग कुलूप कशाला! हलकी पेटी चोर उचलूनच नेतो, ती भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने आवळा. मात्र न्हाणीघराच्या भिंतीला नको. कुलूप अडकलं तर घरातलं तेल सोडू नका, त्यावर धूळ बसून ते आणखी जाम होतं. ग्रॅफाइटची पूड वापरा.

कागद भिजलेच तर इस्त्री फिरवू नका, चिकटलेली पानं ओढू नका. मध्ये टीपकागद घालून पंख्याखाली पसरा. गठ्ठा मोठा असेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग सवडीने थोडे थोडे वाळवा. बाहेर ओले राहिले तर 48 तासांत बुरशी धरू शकते.