घरी बांधायच्या विमानासाठी मोठे इंजिन निवडताना

अमेरिकेत व्हॅन्स कंपनीचे आरव्ही-7 हे दोन आसनी विमानाचे किट (घरी जोडायचे सुटे भाग) घेणाऱ्या हौशी बांधणाऱ्यापुढे लायकमिंगचे 320 घन इंचांचे, 160 अश्वशक्तीचे इंजिन बसवावे की 360 घन इंचांचे, 180 अश्वशक्तीचे, हा प्रश्न येतोच. हवेचा अवरोध कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शक्ती साडेबारा टक्क्यांनी वाढवली, तरी सपाट उड्डाणातला वेग जेमतेम चार टक्क्यांनी वाढतो. चढाईचे गणित वेगळे आहे. उंची टिकवून उरलेली शक्तीच चढाईला मिळत असल्याने उंचावरच्या आखूड धावपट्टीवरून, भर उन्हाळ्यात, दोघांना घेऊन उडायचे असेल, तर मोठ्या इंजिनाचे पैसे वसूल होतात. केवळ वेगासाठी ते घेऊ नये, असे माझे मत आहे.

या दोन इंजिनांच्या सिलिंडरचा व्यास सारखाच असून 360 मध्ये पिस्टनची धाव फक्त अर्धा इंच जास्त आहे, त्यामुळे वजनात फारसा फरक पडत नाही. सिलिंडरमध्ये तिरपे व्हॉल्व्ह (झडपा) असलेले 200 अश्वशक्तीचे 360 घन इंचांचे इंजिन मात्र दहा-पंधरा किलोंनी जड असते आणि हे वजन नेमके नाकावर येते. समजा, गुरुत्वमध्याच्या 1.3 मीटर पुढे 15 किलो वाढले, तर नाक खाली झुकवणारा मोमेंट (वजन गुणिले अंतर) 19.5 किलो-मीटरने वाढतो. त्यावर उपाय म्हणून 7 किलोची बॅटरी 2 मीटर मागे नेली, तरी 14च भरून निघतात. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी एकटा वैमानिक आणि सामानासह दोघे, असे समतोलाचे दोन्ही हिशेब कागदावर मांडावेत.

मोठे इंजिन जास्त इंधन खाईल, ही भीती थोडी अतिरंजित आहे, कारण थ्रॉटल मागे घेऊन लहान इंजिनाच्याच वेगाने उडल्यास खर्च जवळपास तेवढाच येतो. खरा धोका कमाल वेगमर्यादेचा आहे. आरव्ही मालिकेत ती मर्यादा खऱ्या हवाई वेगावर (हवेतून विमान प्रत्यक्षात ज्या वेगाने जाते त्यावर) ठरवलेली आहे, आणि उंचावर वेगदर्शक त्यापेक्षा कमी आकडा दाखवत असल्याने, जोरदार इंजिन असलेले विमान वैमानिकाच्या नकळत ती ओलांडू शकते. याच मालिकेतल्या आरव्ही-9 साठी तर उत्पादकाने कमाल 160 अश्वशक्तीपर्यंतच्याच इंजिनाची शिफारस केली आहे.

प्रॉपेलरही इंजिनासोबतच ठरवावा: इंजिन आणि प्रॉपेलरची जोडी प्रमाणित असेल, तर चाचणी उड्डाणे साधारणतः 25 तासांची, नसेल तर 40 तासांची करावी लागतात.