संधिवात, सीआरपी आणि जवसाची चटणी

सकाळी उठल्यावर बोटं वळत नसत, कणीक मळणं म्हणजे शिक्षा. तपासणीत संधिवात निघाला, सीआरपी (शरीरात दाह, म्हणजे आतली सूज, किती आहे हे दाखवणारं रक्तातलं प्रथिन) वाढलेला. गोळ्या सुरू झाल्या आणि त्या आजही चालू आहेत. हे आधीच सांगते, कारण "आहारानं औषध सुटलं" असं ऐकायला लोकांना फार आवडतं.

आम्ही पिढ्यानपिढ्या शाकाहारी. पण साबुदाणा वडा, फरसाण, मैद्याची खारी आणि गोडमिट्ट चहा हेही शाकाहारीच की! बदल तिथे केला. खारीऐवजी मोड आलेल्या मटकीची उसळ. जेवणात ज्वारीची भाकरी, एक पालेभाजी (मेथी, शेपू, माठ, जी स्वस्त असेल ती) आणि रोज जवसाची चटणी. जवसात एएलए हे ओमेगा-३ प्रकारचं स्निग्धाम्ल असतं. अख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात, म्हणून भाजून कुटायचे. कडधान्यांतला चोथा आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं छोटं स्निग्धाम्ल तयार होतं आणि ते दाह आटोक्यात ठेवायला मदत करतं. हळद पूर्वीइतकीच, फोडणीपुरती. तिच्या कॅप्सूलच्या नादी लागले नाही.

दूध-दही बंद केल्यावर डॉक्टरांना विचारून बी१२ ची गोळी लावून घेतली. ते भाजीपाल्यातून मिळत नाही, इथे हट्ट कामाचा नाही.

पुढे सीआरपी उतरला. त्यात औषधाचा वाटा किती, भाकरीचा किती, कोण सांगणार? वजनही घटलं, त्याचाही हात असेल. आता बोटं चहा उकळेपर्यंत मोकळी होतात. शेपू मात्र घरात अजून कुणालाच आवडत नाही.