एक्स्चेंजची थेट लाइन घेण्याआधी

अमेरिकी शेअर बाजाराची थेट लाइन, म्हणजे आपले संगणक सरळ एक्स्चेंजच्या यंत्रांना जोडणारी लाइन, घ्यायची असेल, तर आधी आपले सौदे नेमके कुठे जुळतात ते बघा. टीव्हीवर वॉल स्ट्रीटचा हॉल दिसतो, पण न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची यंत्रं न्यू जर्सीतल्या माहवाहला आहेत आणि नॅस्डॅकची कार्टरेटला. दोन्हीकडे काम करणार असाल तर खर्चही दुहेरी धरा.

मग दरपत्रक उघडून एकेक शुल्क सुटं लिहून काढा: आपले सर्व्हर ठेवायच्या रॅकची जागा, वीज, रॅकपर्यंतची केबल, ऑर्डर पाठवायचे पोर्ट (जोडण्या), भावांचा डेटा. डेटाच्या ओळीवर जास्त वेळ द्या. माणसाने स्क्रीनवर भाव बघण्याचा दर वेगळा आणि तेच भाव प्रोग्रॅमने वाचण्याचा वेगळा. कोणता प्रोग्रॅम कोणता फीड (भावांचा सतत येणारा प्रवाह) घेतो, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. एक्स्चेंजच्या ऑडिटला तीच मागतात.

दोन ठिकाणं जोडायला फायबर (काचेच्या तंतूंची केबल) की वायरलेस, याचा हिशोब कागदावर मांडा. माहवाह ते कार्टरेट सरळ रेषेत सुमारे ५५ किलोमीटर. फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरमागे जवळपास ५ मायक्रोसेकंद लागतात, हवेतून ३.३. फरक पडतो नव्वदेक मायक्रोसेकंदांचा, आणि फायबर वळणं घेत जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. तुमचे निर्णय मिनिटामिनिटाने होत असतील तर या वेगाला पैसे घालू नका. वायरलेस घेतलीच, तर जोडीला फायबर हवंच, कारण जोराच्या पावसात सिग्नल पडतो.

एक्स्चेंजची यंत्रं जिथे असतात त्या डेटा सेंटरच्या आवारातले शेवटचे काही मीटर कोणाच्या ताब्यात आहेत, हे स्पष्ट विचारून घ्या. माहवाहला आवारातल्या वायरलेस अँटेनांच्या खांबावरून वाद पेटला तो याच मुद्द्यावर. एक्स्चेंजच्या समूहाने दिलेली वायरलेस सेवाही एक्स्चेंजचाच भाग, तिचे दर नियामकापुढे मांडावेच लागतील, असं एसईसीने (अमेरिकी शेअर बाजाराच्या नियामकाने) २०२० मध्ये ठरवलं आणि २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ते कायम ठेवलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. दर उघड असला तरच लहान फर्मला त्यावर बोट ठेवता येतं.

दरवाढीसाठी बजेटमध्ये जागा ठेवा. एक्स्चेंजने एसईसीकडे दरबदल दाखल केला की तो बहुधा लगेच लागू होतो. एसईसी ६० दिवसांत त्याला स्थगिती देऊ शकते. त्यामुळे या फाइलिंगवर लक्ष ठेवायचं काम एका माणसाकडे सोपवा, आणि हरकत पाठवताना आपल्या बिलातले आकडे जोडा.