नवे उत्पादन हाती घेण्यापूर्वी : कंपनीने आणि भागीदारांनी करावयाची तयारी

नवे उत्पादन आणायचे ठरले की बाजाराची पाहणी, खर्चाचा अंदाज आणि तांत्रिक अहवाल यांची कागदपत्रे लवकर जमतात. मागे राहतो तो कोणत्या प्रश्नावर शेवटचा शब्द कोणाचा, हा तपशील. तयारीचा आरंभ तिथूनच करावा. प्रकल्पप्रमुखाचे नाव जाहीर करण्याआधी त्याच्या हाती काय असेल ते लेखी ठरवावे : विभागप्रमुखांशी दरवेळी वाटाघाट न करता तो माणसे घेऊ शकेल का, आराखड्यातील बदल कोणत्या तारखेनंतर बंद हे तो सांगू शकेल का, मंजूर रक्कम एका कामाकडून दुसऱ्याकडे वळवू शकेल का. ससेक्स विद्यापीठात १९७०च्या दशकाच्या आरंभी झालेल्या ‘सॅफो’ अभ्यासात यशस्वी आणि अयशस्वी नवनिर्मितीच्या जोड्या लावून तुलना केली गेली. ग्राहकाची गरज नेमकी ओळखणे हा ठळक फरक त्यातून निघालाच, पण यशस्वी प्रकल्पांची जबाबदारी तुलनेने ज्येष्ठ आणि अधिकारसंपन्न व्यक्तीकडे होती, हेही दिसले. नुसता समन्वयक नेमल्याने कोणताच विभाग दुखावत नाही, हीच त्या नेमणुकीची खरी अडचण आहे.

चमूत विपणन, उत्पादन, खरेदी आणि विक्रीपश्चात सेवा यांची माणसे पहिल्या आराखड्यापासून असावीत. प्रत्येकाचा किती वेळ या कामासाठी राखीव आहे हे त्याच्या मूळ वरिष्ठाने मान्य केलेले असावे आणि त्याच्या वार्षिक मूल्यमापनात प्रकल्पप्रमुखाचे मत धरले जावे. ते धरले जात नसेल, तर निकडीच्या वेळी तो माणूस आपल्या जुन्या विभागाचेच काम आधी करील. शक्य असेल तर सर्वांना एकाच मजल्यावर बसवावे.

यानंतर टप्पे आणि त्यांवरील तपासणी. रॉबर्ट कूपर यांनी रूढ केलेली ‘स्टेज-गेट’ पद्धत, म्हणजे कामाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुढे जायचे की थांबायचे ठरवणारा तपासणीचा ‘दरवाजा’, अनेक कंपन्यांनी स्वीकारली आहे, परंतु पुष्कळदा टप्पे राहतात आणि दरवाजे मात्र सताड उघडेच असतात. प्रत्येक तपासणीच्या वेळी प्रकल्प कोणत्या निकषांवर थांबवला जाईल, हे काम सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे, कारण पैसा गुंतल्यावर ठरवलेले निकष त्या पैशाची बाजू घेतात. ज्या अधिकाऱ्याने प्रकल्प सुचवला त्याच्याकडेच तो थांबवण्याचा निर्णय सोपवू नये. थांबलेल्या प्रकल्पातील माणसे पुढे कोणत्या कामावर जातील, हेही सांगून ठेवावे. तसे न केल्यास वाईट बातमी वरपर्यंत उशिराच पोहोचते.

भागीदार बरोबर असेल तर यादी लांबते, आणि माझ्या मते खरी कसोटी इथेच लागते. पहिली खात्री स्वतःविषयी करावी : भागीदाराकडून येणारे तंत्रज्ञान समजून घेऊन वापरू शकेल एवढे ज्ञान आपल्याकडे आहे का? कोहेन आणि लेव्हिन्थल या संशोधकांनी १९९० मध्ये मांडलेली ग्रहणक्षमतेची संकल्पना हेच सांगते, की बाहेरचे ज्ञान पचवण्यासाठी त्या विषयातील पूर्वज्ञान घरात असावे लागते. दुसरी गोष्ट कामाची वाटणी. जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची स्नेक्मा यांनी १९७४ मध्ये निम्म्या-निम्म्या वाट्याने विमानाची इंजिने बनवणारी ‘सीएफएम इंटरनॅशनल’ स्थापन केली, तेव्हा इंजिनाचा गाभा अमेरिकी कंपनीकडे आणि पुढचा पंखा व कमी दाबाचा टर्बाइन फ्रेंच कंपनीकडे, अशी रेघ ओढली गेली. गाभ्याचे तंत्रज्ञान लष्करी इंजिनातून आलेले असल्याने ते फ्रान्सला देण्यास अमेरिकी सरकारचा आधी विरोध होता. या रेघेमुळे काय दाखवायचे आणि काय नाही, हा प्रश्नही बराचसा सुटला. आपल्या करारातही अशी रेघ असावी आणि ती दोन्हीकडच्या अभियंत्यांना माहीत असावी, केवळ वकिलांना नव्हे.

तिसरी बाब किरकोळ वाटते म्हणून सुटते, ती म्हणजे दोन्ही बाजूंची कामाची साधने. एअरबस ए३८० या प्रवासी विमानाच्या वेळी जर्मनीतील हॅम्बुर्ग आणि फ्रान्समधील तुलूझ येथील कंपनीचे अभियंते एकाच आरेखन प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. जोडणीच्या वेळी विजेच्या तारांचे जुडगे विमानात नीट बसेनात, २००६ मध्ये वेळापत्रक पुन्हा पुढे ढकलावे लागले आणि पहिले विमान ग्राहकाला ऑक्टोबर २००७ मध्ये मिळाले. हे एकाच समूहातील दोन ठिकाणी घडले, मग वेगळ्या कंपन्यांमध्ये काय होऊ शकेल याचा विचार करावा. म्हणून प्रणालीची आवृत्ती, मोजमापांची पद्धत, बदल नोंदवण्याचा नमुना आणि तो मंजूर करणारी व्यक्ती, हे सारे पहिल्या संयुक्त बैठकीत ठरवावे आणि एक लहानसा भाग दोघांनी मिळून प्रत्यक्ष तयार करून पाहावा.

शेवटी, वेगळे होण्याची कलमे संबंध चांगले असतानाच लिहावीत. सोनी आणि एरिक्सन यांचा २००१ मध्ये सुरू झालेला मोबाइल फोनचा संयुक्त व्यवसाय २०१२ मध्ये सोनीने एरिक्सनचा वाटा विकत घेऊन संपवला. असे वळण येऊ शकते हे गृहीत धरून वाट्याचे मूल्य कसे ठरेल, संयुक्त पेटंट कोण वापरील आणि विकलेल्या मालाचे सुटे भाग किती वर्षे कोण पुरवील, हे मूळ कराराच्या मसुद्यातच नोंदवावे.